कौलं थंडीतच चाळून घ्यावीत का? (मेढा, ता. जावळी)

मेढ्याची लेक

नमस्कार. आमचं घर मेढ्याच्या जवळ, वेण्णेच्या खोऱ्यात. आई तिथं एकटी राहते. मी साताऱ्यात नोकरीला, शनिवारी दुपारी जाते आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत येते. घर दुपाखी, म्हणजे दोन बाजूंना उतार असलेल्या छपराचं, मंगलोरी कौलांचं; आढं, म्हणजे छपराचा माथा, दक्षिणोत्तर. त्यामुळं एक पाखं, म्हणजे एका बाजूचा उतार, थेट पश्चिमेला तोंड करून आहे, आणि आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडूनच मारतो. मागं स्वयंपाकघर नंतर वाढवलेलं, त्यावर पत्रा. कौलाचं पाखं आणि पत्रा जिथं मिळतात तिथं वडिलांनी पाणी वाहून न्यायला पत्र्याची पन्हळ बसवली होती. पुढच्या पडवीलाही पन्हळ आहे, तीस फुटांची.

आमच्याकडे अक्षय तृतीया झाली की घर चाळायचं, म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून परत नीट लावायची. आजोबांपासूनची रीत. यंदा, म्हणजे मे २०२५ मध्ये, ज्यांना काम दिलं होतं ते आज येतो उद्या येतो करत १९ तारखेला आले, आणि घाई म्हणून पश्चिमेचं अख्खं पाखं एका दिवसात उतरवून अंगणात लावून ठेवलं. २० तारखेला संध्याकाळी पाऊस आला. मला वाटलं वळीव आहे, तासाभरानं उघडेल. तो उघडलाच नाही. २५ मेला मान्सून तळकोकणात होता आणि २६ ला मुंबईत. कामाची माणसं दोन दिवस फोन उचलत नव्हती. आई, मी आणि शेजारचे दोघं मिळून चार ताडपत्र्या वाशांना बांधल्या, त्यातल्या दोन वाऱ्यानं फाटल्या. माजघरात बियाण्याचं भात पोत्यात होतं. ते भिजलं आणि चौथ्या दिवशी पोत्यातच मोड आले. आईनं त्या पोत्यात हात घातला आणि काही न बोलता बाहेर काढला, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

शेवटी पावसाच्या दोन उघडिपींत कौलं कशीबशी चढवली. पावसाळाभर तीन ठिकाणी गळलं. एक देवघराच्या डाव्या कोपऱ्यात, एक माजघरातल्या मधल्या खांबाजवळ, आणि तिसरं सगळ्यात वाईट, स्वयंपाकघराच्या दाराच्या वर, पन्हळीखाली. तिथली भिंत मातीची आहे आणि हात लावला की आता पोपडा निघतो.

आता भात कापून मळून झालंय, आभाळ स्वच्छ आहे. मला वाटतं काम आत्ताच काढावं. आई म्हणते, "हिवाळ्यात कोण छपराला हात लावतं का? आत्ता चाळलं तर मेपर्यंत वानरं परत फोडतील, आणि दोनदा पैसे जातील." वानरांचं तिचं म्हणणं खोटं नाही. जांभळीवरून सरळ आढ्यावर उड्या मारतात.

मला विचारायचंय ते असं. थंडीत चाळलं तर चालतं का, आणि वानरांचं काय करायचं? पन्हळी नव्या करायच्या का आहेत त्याच दुरुस्त करायच्या? आणि एक गोष्ट मला कळतच नाही. पाऊस जाऊन महिना झाला तरी स्वयंपाकघराचा पत्रा पहाटे टपटप गळतो. काल आईच्या अंथरुणावर थेंब पडले. पाऊस नसताना पाणी येतंय कुठून?

भाऊ म्हणतो सगळीच कौलं काढून रंगीत पत्रा टाकू, एकदाच कटकट जाईल. माझं मन होत नाही. आमच्या बऱ्याच कौलांवर मागच्या बाजूला बासेल मिशनचं नाव आणि १८६५ असं उठवलेलं आहे. म्हणजे घर दीडशे वर्षांच्या वरचं. ज्यांनी स्वतः हे काम केलंय किंवा करवून घेतलंय त्यांनी सांगावं.

---

जुना रंधा

ताई, मी पाटण खोऱ्यातला. सुतारकी वडिलांपासनं, चाळीस वर्षं झाली, आता गुडघ्यामुळं छपरावर चढत नाही, खाली उभा राहून पोरांकडनं करून घेतो.

आईंना सांगा, लावतात हात. आणि खरं तर आत्ताच लावावा. मे महिन्यात जिल्ह्यातल्या समद्या सुतारांना एकाच पंधरवड्यात बोलावणं असतं. मग माणूस चार घरं एकदम धरतो, सकाळी हिकडं दुपारी तिकडं, आणि कुणाचंच नीट होत नाही. आत्ता भात निघालं की आमच्याकडची पोरं मोकळी असतात, निवांत काम होतं. दुसरं म्हणजे पावसाचे डाग आत्ता ताजे आहेत. वाशावर, कौलं अडकतात त्या आडव्या रिपेवर पाणी जिथनं वाहिलं तिथं काळपट ओघळ दिसतो. मेपर्यंत चुलीचा धूर आणि धूळ बसून तो पुसला जातो, मग आपण अंदाजानं शोधत बसतो.

तुम्ही पहिलं काम हे करा, माणूस बोलवायच्या आधी. भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत अंधार करा आणि वर बघा. जिथं जिथं उन्हाची सुई आत येते तिथं खालनं वाशावर खडूनं खूण करा. पण एवढ्यावर थांबू नका. थेंब जिथं पडतो तिथं भोक असतंच असं नाही. पाणी कौलातनं शिरतं, रिपेवर येतं, वासा धरून तीन-चार फूट खाली वाहत येतं आणि जिथं वाशाला गाठ किंवा वाक असेल तिथं सुटतं. म्हणून थेंबाच्या जागेपासनं आढ्याकडं वर वर बघत जायचं. तरी सापडलं नाही तर शिडी लावून तांब्यानं पाणी ओता. ओतायचं वळचणीपासनं, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपासनं, आणि हळूहळू वर सरकायचं. वरनं ओतलंत तर पाणी सगळ्या पाख्यावरनं पळतं आणि काहीच कळत नाही.

आता उतरवायचं कसं. तुमच्याकडं मे महिन्यात जे झालं त्याला पावसापेक्षा अख्खं पाखं उघडणं जबाबदार आहे. माझ्या वडिलांचा दंडक होता, दिवस मावळायच्या आत झाकता येईल तेवढंच उघडायचं. तीन-चार वाशांचा पट्टा घ्यायचा, वळचणीपासनं आढ्यापर्यंत, तो पुरा करायचा, मग पुढचा. काम दोन दिवसांऐवजी पाच दिवस चालतं, चालू दे. अवकाळी आता कार्तिकातसुद्धा येतो, तेव्हा थंडी आहे म्हणून ताडपत्री नको असं करू नका. आणि कामाचं ठरवताना हे आधीच बोलून घ्या. पैसे रोजावर द्या, ठोक रक्कम ठरवून अंगावर काम दिलंत की घाई आलीच.

कौल उतरवलं की हातावर धरून बोटाच्या पेरानं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर ठेवा. बद्द वाजलं तर तडा आहे, डोळ्याला दिसो न दिसो, बाजूला काढा. शेवाळ काथ्याच्या ब्रशानं काढा, तारेचा ब्रश नको, वरचा कस निघून जातो आणि मग ते कौल पाणी पितं. खाली रिपेला अडकायची जी दोन नाकं असतात ती शाबूत पाहिजेत. नाक तुटलेलं कौल नुसतं वजनावर बसतं आणि पहिल्या वादळात सरकतं.

पुढचं नीट वाचा, निम्म्या घरांची गळती हितनंच असते. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एका ओळीत घालू नका. दिसायला सारखी असली तरी कडेच्या खाचा एकमेकीत बसत नाहीत, सुताएवढी फट राहते, आणि झडीच्या पावसाला तेवढी पुरते. सारख्या शिक्क्याची, सगळ्यात चांगली कौलं वेगळी काढून पश्चिमेच्या पाख्यावर घाला. उरलीसुरली, मिसळीची पूर्वेला. बाजारातनं किंवा पाडलेल्या घरातनं जुनी कौलं आणायची असतील तर आपलं एक कौल पिशवीत घालून घेऊन जा आणि तिथंच जोडून बघा. मोबाइलवरच्या फोटोवर इसार देऊ नका.

रिपांमधलं अंतर मंगलोरी कौलाला साधारण साडेबारा इंच येतं, पण तुमची कौलं एकावर एक ठेवून मापून घ्या आणि त्याच मापाची एक काठी कापा. रीप ठोकताना प्रत्येक ठिकाणी ती काठी लावून बघायची.

१८६५ बद्दल. ताई, वाईट वाटून घेऊ नका, ते घराचं साल नाही. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना तेव्हा सुरू झाला आणि तेच साल ते पुढं कितीतरी वर्षं कौलांवर उठवत राहिले. तुमचं घर त्याच्या बरंच नंतरचं असणार. पण कौल खरंच चांगलं आहे. घाटावरच्या पावसात इतकी वर्षं काढून ते अजून वाजत असेल तर पत्र्यासाठी ते उतरवू नका. पत्र्याखाली उन्हाळ्यात आईंना दुपारी बसवणार नाही, आणि पावसात बोलणं ऐकू येणार नाही.

वानरांना पक्का उपाय मला चाळीस वर्षांत सापडला नाही. जांभळीची छपराकडं आलेली फांदी तोडा, निदान दहा-बारा फूट अंतर पडू दे. आढ्याच्या दोन्ही टोकांना बोराटीचं शिरं, म्हणजे काटेरी फांद्या, तारेनं बांधा, उडी तिथंच पडते. वळचणीच्या दोन ओळींतल्या कौलांना भोकं पाडून तांब्याच्या तारेनं रिपेला बांधा, म्हणजे उडीनं सरकणार नाहीत. फुटायची ती चार-सहा फुटतील. तेवढी मे महिन्यात एका सकाळी बदलून होतात, घर चाळावं लागत नाही. चाळीस-पन्नास जास्तीची कौलं पडवीत रचून ठेवा.

पहाटे गळणारा पत्रा फुटलेला नाही. त्याला घाम येतो. थंडीत रात्री पत्रा उघड्या आभाळाखाली गार होतो आणि आतली वाफ, आधणाची, अंघोळीच्या बंबाची, माणसाच्या श्वासाचीसुद्धा, त्याला जाऊन चिकटते. पहाटे अंगणातल्या गवतावर दव दिसतं, तेच हे. पहाटे पत्र्याला आतनं कोरडं फडकं फिरवून बघा. सगळीकडं ओलं लागलं तर घाम, एकाच जागी ओघळ असला तर भोक. उपाय म्हणजे वाफेला वाट द्या. भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट कुणीतरी थंडी वाजते म्हणून कापडं कोंबून बंद केली असणार, ती मोकळी करा. आईंचं अंथरूण मात्र आजच माजघरात हलवा.

शेवटचं, छपरावर तुम्ही स्वतः चढू नका. दोन फळ्या टाकून त्यावरनं फिरायचं असतं आणि पाय नेहमी रिपेवर येईल असा ठेवायचा असतो. वीज मंडळाची तार छपरावरनं येत असेल तर वायरमनला सांगून काम चालेपर्यंत बंद ठेवून घ्या.

---

मेढ्याची लेक

काका, तुमचं उत्तर आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. फटीत कापडं कोंबलेली आहेत हे तुम्हाला तिथं बसून कसं कळलं, असं ती विचारते. माझं जुनं लुगडं आणि दोन गोणपाटं निघाली. काढल्यावर दुसऱ्याच पहाटे थेंब निम्म्यावर आले. अंथरूण हलवलं.

दुपारी दारं लावून बघितलं. अठ्ठावीस सुया मोजल्या, पश्चिमेला एकोणीस. देवघरावरचा डाग आढ्यापासून सुरू होतोय, म्हणजे आढ्यावरच्या कौलांचा सांधा उघडलाय असं वाटतं. तिथं सिमेंट भरू का?

१८६५ चं ऐकून थोडं हिरमुसले, पण बरं झालं कळलं. भावाला फोन करून पत्रा नको म्हणून सांगितलं.

पन्हळींचं कुणी सांगेल का? पडवीची मधे पोट सोडून खाली आलीय, पाणी मधूनच ओसंडतं आणि अंगणात खड्डा पडलाय.

---

जुना रंधा

आढ्यावर निव्वळ सिमेंटचा जाड थर देऊ नका. ते उन्हानं तडकतं आणि तड्यातनं पाणी आत ओढतं. जुना माल पोकळ झालेला खरवडून काढा, जागा भिजवून घ्या, मग चुना असेल तर चुना, नाहीतर बारीक वाळूचा, सिमेंट कमी असलेला माल भरा आणि चार दिवस पाणी मारा. थंडीत तो सावकाश वाळतो, तडकत नाही. वैशाखात हेच काम केलं तर तासाभरात पांढरं पडून भुगा होतं.

आणि कौलांच्या मधल्या सांध्यांत माल कधीही भरू नका. कुणीतरी हौसेनं भरतं आणि पुढच्या वेळी एक कौल काढायला दहा फुटतात.

---

पत्रा आणि पन्हळ, सातारा

माझं पत्र्याचं काम आहे, साताऱ्यात. ताई, पन्हळ मापून करायची गोष्ट आहे. लोक डोळ्यांनी बसवतात आणि तिथंच चुकतात.

तुमचं हिशोबाला घेऊ. पडवीकडचं पाखं तीस फूट लांब आणि खाली जमिनीवर मापलं तर चौदा फूट रुंद आहे असं धरा. साधारण ३९ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. जोराची सर तासाला १०० मिलिमीटरच्या वेगानं पडली, आणि तुमच्याकडे ती पडते, तर तासाला ३,९०० लिटर, म्हणजे मिनिटाला ६५ लिटर. दर मिनिटाला तीन भरलेल्या बादल्या त्या पन्हळीत ओतल्यासारखं आहे. या वेगाला चार इंची एक पाइप साधारण चाळीस चौरस मीटर छपराला पुरतो. म्हणजे एका पाइपवर तुम्ही अगदी काठावर आहात. त्यात चार पानं अडकली की संपलं. म्हणून दोन्ही टोकांना दोन पाइप द्या आणि पन्हळ मध्यावर उंच ठेवा. मधून दोन्हीकडे पंधरा-पंधरा फूट, दहा फुटाला एक इंच उतार, म्हणजे टोकं मध्यापेक्षा दीड इंच खाली. दोरी ओढून, पाणी भरलेल्या नळीनं पातळी बघून खुणा करा.

पोट सुटायचं कारण म्हणजे पन्हळ ज्यांवर बसते ते आकडे. चार-चार फुटांवर आकडे असतील तर भरलेली पन्हळ वाकणारच. दोन-दोन फुटांवर घ्या. कौलाची कड पन्हळीच्या आत दोनएक इंच यावी. जास्त पुढं आली तर पाणी पन्हळीवरून उडी मारतं, मागं राहिली तर वाशाच्या टोकांवर येतं. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा अर्धा इंच खाली ठेवा. तुंबलीच तर पाणी अंगणात सांडेल, भिंतीकडे येणार नाही.

पत्रा आतून गंजून चाळणी झाला असेल तरच नवीन. नुसते सांधे सुटले असतील तर साफ घासून, रिबिट मारून, डाग देऊन (कथलानं सांधून) घ्या. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर नळीतला सिलिकॉन लावून पैसे घालवू नका, तो पापुद्र्यासारखा सुटतो. सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ करतात, तीही चालते, स्वस्त पडते. मात्र उन्हानं काही वर्षांत ठिसूळ होते, आणि तुमच्याकडे वानरं आहेत.

कौल आणि पत्र्याच्या मधली जी पन्हळ आहे तिथं मात्र हात आखडू नका. दोन छपरांचं पाणी एकाच ठिकाणी येतं. ती रुंद हवी, तळहात पसरून आत फिरला पाहिजे, आणि तिचा पत्रा कौलाखाली निदान सहा इंच वर चढलेला हवा. तुमची दाराच्या वरची गळती मला तिथलीच दिसते.

साफसफाईबद्दल एक सांगतो. दिवाळीनंतर पन्हळ साफ केली की लोक निश्चिंत होतात. पण आपल्याकडे पानगळ त्यानंतर होते, शिशिरात. मग माघात आंब्याचा मोहर झडतो, तो बारीक भुसा पन्हळीत बसतो आणि पहिल्या वळवाला त्याचा लगदा होऊन पाइपाच्या तोंडाशी बूच बसतं. म्हणून रोहिणी नक्षत्र लागायच्या आत, २५ मेपूर्वी, दुसऱ्यांदा हात फिरवायचाच. पाइपाच्या तोंडात तारेच्या जाळीचा गोळा ठेवा. पन्हळीवर अंथरायला बारीक जाळी आणू नका, मोहर तिच्यावरच थापला जातो. अर्ध्या इंचाची आणा.

आणि पाइप खाली भिंतीच्या पायाशी सोडून देऊ नका. मातीच्या भिंतीला वरच्या गळतीएवढाच पायातला ओलावा वाईट. खाली एक शहाबादी फरशी उतार देऊन ठेवा आणि पाणी चर काढून परड्याकडे न्या.

---

म्हसवडचं माळवद

तुम्ही सगळे भरपूर पावसाच्या मुलखातले. आम्ही त्याच जिल्ह्यातले, पण माणमधले. तुमच्याकडे आठवड्याभरात पडतो तेवढ्याची आम्ही वर्षभर वाट बघतो. तरी छपराचं दुखणं आम्हालाही आहे म्हणून लिहिते.

आमचं घर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं. तुळया, त्यावर लाकडाच्या किलच्या, त्यावर पाला आणि वर पांढरीची माती. आमचा मोठा पाऊस परतीचा, हस्ताच्या आसपासचा, त्यामुळं आमचं काम तुमच्या उलट, पावसाआधीही आणि पाऊस जाऊन माळवद सुकल्यावरही. आत्ता थंडीत मी वर जाऊन उगवलेलं गवत मुळासकट काढते. नुसतं कापलं तर मूळ आत वाळतं, त्याची नळी राहते आणि पाणी त्या नळीतनं खाली येतं. मग भेगांत कोरडी पांढरी माती झाडूनं लोटते. ओला चिखल भरायचा नाही, तो वाळला की कडेनं परत सुटतो. कोरडी माती पहिल्या पावसात फुगते आणि भेग आपोआप मिटते. सासूबाईंनी हे शिकवलं.

पन्हळीचं तोंड सगळ्यात आधी बघायचं. माळवदावर पाणी एक रात्र जरी थांबलं तरी तुळईवर मणामणाचं वजन येतं. आमच्या गल्लीत एका घराची खोली अशीच बसली, पन्हळीत चिमण्यांचं घरटं होतं एवढंच कारण. माणसं बाहेर झोपली होती म्हणून वाचली.

ताई, तुमच्या आईंच्या बियाण्याचं वाचून जीव हळहळला.

---

गावभाग, सांगली

स्लॅबवाल्यांसाठी दोन ओळी, कारण हा धागा तेही वाचतील. स्लॅबच्या चिरा भरायच्या असतील तर थंडीतच भरा. गारठ्यानं काँक्रीट आकसतं, चीर जास्तीत जास्त उघडी असते आणि भरलेला माल खोल जातो. उन्हाळ्यात फुगलेल्या स्लॅबची चीर मिटल्यासारखी दिसते, तेव्हा भरलेलं पुढच्या थंडीत परत फाटतं. गच्ची पूर्ण वाळलेली हवी, ओलीवर कुठलाही लेप धरत नाही. सकाळचं दव उडून गेल्यावर, दहानंतर काम सुरू करा. आणि पाइपाच्या तोंडाशी गच्चीचा उतार खरंच तिकडे आहे का ते एक बादली ओतून बघा. आमच्याकडे दहा वर्षं तो उलटा होता.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना घासू नका, कापू नका, भोकं पाडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही.

---

मेढ्याची लेक

दोन महिन्यांनी लिहितेय, उशीर झाला.

काम संक्रांतीच्या आधी पुरं झालं. रंधाकाकांनी त्यांच्याकडची दोन पोरं पाठवली, आठ दिवस पडवीत राहिली. पट्ट्यापट्ट्यानं उघडलं, रोज दिवेलागणीच्या आत झाकलं. एका रात्री पहाटे आभाळ आलं होतं, आई उठून बसली, पण छपराला उघडं काही नव्हतंच. परत झोपली.

पश्चिमेची एकशे बारा कौलं बद्द वाजली. आईनंच वाजवली सगळी. अंगणात पाट टाकून बसायची, एका बाजूला खणखणीत, दुसऱ्या बाजूला बद्द. तिसऱ्या दिवसापासून पोरं शंका आली की तिच्याकडं कौल आणून द्यायला लागली. कमी पडली ती पूर्वेची भरली आणि पूर्वेला कुडाळकडच्या एका पाडलेल्या घराची आणली, तिथं बसून, जोडून बघून. मधल्या खांबाजवळची गळती वर पाच फुटांवर सापडली, म्हणजे काकांनी सांगितल्यासारखीच.

स्वयंपाकघराच्या दारावरची पन्हळ काढली तेव्हा कौलाखाली एक चपटा केलेला पत्रा निघाला. डालड्याच्या डब्याचा, अजून हिरवं-पिवळं थोडं दिसत होतं. गंजून मधोमध भोक पडलेलं. आईनं बघितलं आणि म्हणाली, "ह्येंनी घातलाय. तू चौथीत होतीस तेव्हा इथंच गळत होतं." म्हणजे बाबांनाही ती जागा सापडली होती, आणि तो तुकडा पंचवीस-तीस वर्षं पाणी अडवत राहिला. आता तिथं नवी पन्हळ आहे, दहा इंच रुंद, कौलाखाली आठ इंच वर नेलेली. एका वाशाचं भिंतीतलं टोक कुजलं होतं, ते बदलून डांबर लावलं. भिंत अजून ओली आहे. गिलावा उन्हाळ्यात करू.

पडवीची पन्हळ मध्यावर उंच करून दोन पाइप दिले. आम्ही दोघींनी मधोमध घागरीनं पाणी ओतून बघितलं, दोन्हीकडं सारखं गेलं. बोराटी बांधली आहे. वानरं दोनदा येऊन गेली, तीन कौलं फुटली, तिन्ही पूर्वेची. जास्तीची पंचेचाळीस पडवीत रचून ठेवलीत.

आंब्याला मोहर आलाय. पन्हळीत हात फिरवायला मी २३ मेचा शनिवार धरलाय, आईनं कॅलेंडरवर खूण केली. अर्ध्या इंचाची जाळी मेढ्यात मिळाली नाही. पत्र्यावाल्या दादांनी साताऱ्यात कुठं मिळेल ते सांगितलं तर येत्या शनिवारी घेऊन जाईन.